सगळ्यांच्या मागून येणारा

स्टुलावर चढून बल्ब बदलायचा म्हटलं तरी जिची पाचावर धारण बसते, ती बाई डोंगरावरच्या शर्यतीत नाव घालून आली. कवळ्यांच्या कारखान्यात हसू फुटलं नसतं तरच नवल. कारखाना आपला म्हणायचा म्हणून. खरं तर तळमजल्यावरच्या दोन खोल्या. एकीत प्लास्टरचे साचे ओतायचे, दुसरीत मेणात दात बसवायचे आणि तयार कवळी चाकावर घासून गुळगुळीत करायची. गल्लीत तिला सगळे कवळीवाली म्हणत. वीस वर्षांत तिने किती बोळकी खाती केली याला गणती नव्हती. हात असा, की वरचा दात खालच्यावर केसभर चुकून बसायचा नाही. पण वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडून माप आणायचं झालं की हीच बाई भिंतीला खांदा घासत जिना चढायची. कठड्याच्या बाजूला मान म्हणून वळवायची नाही.

"तुम्ही डोंगर चढणार?" चाकावर बसणारा म्हातारा कारागीर म्हणाला. "बाई, आधी गच्चीवर वाळत घातलेला टॉवेल तेवढा काढून आणून दाखवा."

सगळे हसले. तीही हसली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की गेल्या वर्षी त्याच शर्यतीत हिचा धाकटा भाऊ गेला. हसणं जागच्या जागी बंद झालं आणि म्हाताऱ्याने उगाचच चाक सुरू केलं.

आता तुम्ही म्हणाल, भाऊ जिथे पडून मेला तिथेच धावत जायची ही कुठली अवदसा? तिच्या शेजारणीही हेच म्हणत होत्या, तेही तिला ऐकू जाईल अशा बेताने. त्याचं उत्तर तिच्या घरी, मागच्या खोलीत, खिडकीपाशी खुर्चीत बसलेलं होतं. तिची आई.

धाकटा नळाची कामं करायचा. दिवसभर लोकांच्या सिंकखाली दुमडून पडलेला. "ताई, सहा दिवस वाकून काढतो, सातव्या दिवशी तरी मला ताठ होऊ दे," असं म्हणून सुट्टी आली की डोंगरावर पळायला जायचा. लग्न केलं नव्हतं. दोन खोल्यांची भाड्याची जागा होती, तिथे तो आणि आई. तो गेला, जागा सोडून दिली, आणि आई लेकीकडे आली, एक ट्रंक आणि एक खुर्ची घेऊन. आली ती एक प्रश्न घेऊनच आली.

"ती वाट त्याला पाठ होती. वीस-वीस पावलांवर लाल फीत बांधलेली असते, तोच सांगायचा मला. मग चुकला कसा?"

"धुकं होतं, आई."

"धुक्यात वीस पावलांवरची फीत दिसत नाही?"

सकाळचा चहा घेताना हे, जेवताना हे, डोळ्यात औषध घालून घेताना हे. शर्यत भरवणारे मास्तर, म्हणजे शाळेतले निवृत्त कवायत-मास्तर, त्यांनी घरी येऊन सांगितलं होतं ते एवढंच: शेवटच्या चौकीवरच्या यादीत धाकट्याच्या नंबरावर खूण आहे, त्याच्यापुढे तो कुणाला दिसला नाही, वरच्या अरुंद धारेच्या अलीकडे तो वाट सोडून डाव्या अंगाला गेला आणि कड्यावरून पडला. का गेला, ते डोंगराला ठाऊक. म्हातारीला काही डोंगराला विचारता येत नव्हतं, म्हणून ती लेकीला विचारायची.

आणि जावई? जावई मूग गिळून बसायचा.

हा जावई, कवळीवालीचा नवरा, घरोघरी विजेचे मीटर वाचत फिरायचा. दिवसाला दोनशे मीटर, दोनशे आकडे, आणि एकही चुकायचा नाही. धाकट्यानेच त्याला डोंगराची वाट दाखवली होती. "भाऊजी, तुम्हाला पळता येत नाही हे उघड आहे. पण चालण्यात तुम्हाला कोण हरवणार? तुम्ही शेपूट व्हा." शेपूट म्हणजे शर्यतीत सगळ्यांच्या मागून येणारा माणूस. शेवटच्या धावणाऱ्याच्या मागे वीस पावलं राहायचं, वाटेवरच्या फिती सोडत यायचं, कुणी टाकलेला कागद, पडलेला हातमोजा उचलायचा, डोंगर होता तसा करून खाली उतरायचं. एकच गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून बघायची: शेपटाच्या मागे माणूस उरता कामा नये. गेल्या वर्षी शेपूट तोच होता.

तेव्हापासून तो डोंगराकडे फिरकला नव्हता. पण सासूचं मात्र असं करायचा की गल्लीत नाव निघावं. तिच्या डोळ्यांत औषध तो घालायचा, पायाची नखं तो कापायचा, तिला ऊन लागतं म्हणून खिडकीला पडदा त्याने शिवून आणला. "जावई असावा तर असा," बायका म्हणायच्या. फक्त तो प्रश्न निघाला की त्याला एकदम काहीतरी काम आठवायचं.

कवळीवालीला हे दिसत नव्हतं असं नाही. केसभर तिरका बसलेला दात जिला हातभरावरून दिसतो, तिला रोजचा नवरा दिसणार नाही? दिसत होतं. विचारलं मात्र नाही. विचारायला तिला भीती वाटत होती, जिना चढताना वाटते त्याच्या दुप्पट. आणि भित्र्या माणसाला न बघण्याची सवय फार लवकर लागते.

मग एक दिवस आईने जेवणाचं ताट बाजूला सरकवलं.

"तू जाऊन बघून ये गं ती जागा. माझे पाय चालते तर मीच गेले असते. कसा पडला एवढं मला सांग. मग मरेपर्यंत पुन्हा विचारणार नाही."

त्या अपघातानंतर धारेची वाट बंद केली होती. वर्षातून एकदा, शर्यतीच्या दिवशी, उघडायची असं ठरलं होतं, तीही धावणाऱ्यांसाठी. म्हणजे जायचं तर नंबर लावूनच. तिने जिवाचा धडा केला आणि मास्तरांकडे नाव दिलं.

नवरा म्हणाला, "नको जाऊस. तुला झेपायचं नाही ते."

"मग आईला तुम्ही सांगा तो कसा पडला ते."

तो उठला, न्हाणीघरात गेला, आणि आत नळ बराच वेळ चालू राहिला.

मास्तर तोंडाने फाटके पण मनाने बरे होते. तिला म्हणाले, "घाबरू नका असं मी सांगणार नाही. मी स्वतः घाबरतो. घाबरायचं आणि पुढचं पाऊल टाकायचं, दोन्ही एका वेळी जमतं. भाजी परतता परतता फोनवर बोलता की नाही? तसंच." पहिल्या दिवशी त्यांनी तिला पाण्याच्या टाकीच्या लोखंडी जिन्यापाशी नेलं. जाळीच्या पायऱ्या, खालचं सगळं आरपार दिसणारं. सातव्या पायरीवर ती खाली बसली आणि लहान पोरीसारखी भोकाड पसरून रडली. मास्तर खाली उभे राहून घड्याळ बघत होते. "रडून झालं की आठवी," म्हणाले. आठवी त्या दिवशी झाली नाही. पुढच्याही आठवड्यात झाली नाही. टाकीच्या माथ्यावर हात टेकायला तिला दोन महिने लागले, आणि हात टेकून ती तिथेच ओकली.

सपाटीवरचं पळणं त्यामानाने सोपं, पण सोपं म्हणजे काय, वीस वर्षं मेणावर वाकून बसलेली पाठ ती! पायाच्या अंगठ्याची नखं काळी पडली, एक गळून पडलं. गुडघे रात्रंदिवस ठणकायचे. टेकड्यांवर उतार आला की ती बसकण मारून घसरत यायची, आणि तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या बायका "जरा सरका हं" म्हणत बाजूने उड्या मारत जायच्या. भीती काही कमी झाली नाही. कमी होते असं जे लोक सांगतात, त्यांना बहुधा फारशी नसतेच. तिची होती तेवढीच राहिली. फक्त ती असताना पाय उचलायला ती शिकली.

डोंगरावरचे रिवाजही मास्तरांनी घोटून घेतले. वर चढणाऱ्याला वाट द्यायची. कागद खिशात ठेवायचा. आणि पोटात कळ आली, ओकारी आली, कशासाठीही वाट सोडून आडोशाला जावं लागलं, तर आपली काठी वाटेच्या मधोमध उभी रोवून जायची. "शेपूट ती काठी बघतो आणि थांबतो. काठीचा धनी परत येईस्तोवर शेपूट जागचा हलत नाही. तास लागो, दोन लागोत." हे सांगताना मास्तरांच्या मनात काही वावगं नव्हतं. दरवर्षी नव्या माणसांना सांगायचे तसंच सांगत होते.

शर्यतीला आठवडा उरला तेव्हा नवरा मास्तरांकडे गेला आणि म्हणाला, "यंदाही शेपूट मीच." मास्तरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. कवळीवालीला कळलं तेव्हा तिला बरं वाटलं. आपल्यासाठी येतोय, असं तिच्या मनात आलं.

सकाळी आठला शर्यत सुटली. सव्वाशे माणसं. पहिल्या तासातच सगळी पुढे निघून गेली आणि ती शेवटची उरली. हे तर ठरलेलंच होतं. मागे वीस पावलांवर नवरा. ती थांबली की तो थांबायचा, ती निघाली की तो निघायचा. झुडपावरच्या फितीची गाठ सोडल्याचा सर्रकन आवाज यायचा, मग पुन्हा बुटांचा. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. एरवी मीटरवाल्याच्या चालीला ती कधी पुरी पडत नसे. बाजाराला गेलं तरी तो पुढे आणि ही मागून पिशव्या सांभाळत. आज तो मागे होता.

शेवटच्या चौकीवर एक मुलगी नंबरांची यादी घेऊन बसली होती. "काकू, तुम्हीच शेवटच्या," ती म्हणाली आणि पाण्याचा ग्लास दिला. नवरा मागून आला. त्याने तिला यादी वाचायला सांगितली. पूर्ण. सव्वाशे नंबर. तिने वाचली. "पुन्हा वाच." तिने तोंड वाकडं करून पुन्हा वाचली. तो प्रत्येक नंबराला मान हलवत होता. तिसऱ्यांदा वाच म्हणाला तेव्हा मुलगी म्हणाली, "काका, झालं की आता, सगळे गेले!" त्याने यादी तिच्या हातातून घेतली आणि स्वतः वाचली. कवळीवाली ग्लास तसाच हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली.

चौकीच्या वर अर्ध्या तासावर मोठा खडक लागतो. तिथे वाट फुटते. उजवा फाटा धारेवर चढतो, डावी शेळ्यांची पायवाट खाली वळते आणि शंभरेक पावलांवर संपते, कारण पुढे कडा आहे. त्या डाव्या वाटेवर आता दोर बांधला होता आणि पत्र्यावर लाल अक्षरांत सूचना लिहिली होती. उजव्या वाटेच्या तोंडाशी एक सोडून तीन फिती. ती खडकापाशी उभी राहिली. दम लागला होता, पण बघायलाच तर आली होती, म्हणून नीट बघितलं. फाट्यावरच्या फिती इथून हाताच्या अंतरावर. कितीही धुकं असो, हात लांब केला तर हाताला लागतील. म्हातारीचं खरं होतं. फिती असताना इथे आंधळाही चुकला नसता.

फिती असताना.

ती वळली. नवरा वीस पावलांवर नव्हता. खडकापाशीच उभा होता.

"त्या दिवशी," ती म्हणाली, "तुम्ही इथल्या फिती काढल्यात तेव्हा धाकटा कुठे होता?"

सरावाच्या आठ महिन्यांत ती या वाटेला जेवढी घाबरली नव्हती तेवढी या एका वाक्याला घाबरली होती. आता ते बाहेर पडलं होतं.

"इथेच," तो म्हणाला. "खडकाच्या मागे असणार. पोट बिघडलं होतं त्याचं."

"असणार म्हणजे?"

"काठी होती." त्याने पायाखालची जागा दाखवली. "इथे. मधोमध रोवलेली. मी हाक मारली. दोनदा मारली. वारा होता. थांबलो. दहा मिनिटं थांबलो असेन. तेवढ्यात तुझा फोन आला."

तो फोन तिला आठवत होता. आठवत होता म्हणजे काय, कारखान्याच्या खिडकीतून डोंगराचा माथा ढगात गेलेला दिसला आणि तिच्या हातातलं मेण खाली पडलं, ते सुद्धा आठवत होतं. धाकट्याचा फोन बंद होता, म्हणून तिने ह्यांना लावला. "धाकटा उतरला का?" "केव्हाच उतरला असेल, तो काय माझ्यासारखा आहे?" धाकटा दरवर्षी पहिल्या दहांत असायचा, म्हणून दोघांनाही ते पटलं. मग ती ओरडली होती. कारागीर बघत होते तरी ओरडली होती: आत्ताच्या आत्ता खाली उतरा, एक मिनिट थांबलात तर माझं मेलेलं तोंड बघाल. आणि रडायला लागली होती. आणि ते "येतो" म्हणाले तेव्हा तिला इतकं हलकं वाटलं, की तिने सगळ्यांसाठी चहा मागवला होता.

"मी मनाला सांगितलं, कुणीतरी काठी विसरून गेलंय," नवरा बोलत होता. तो तिच्याकडे बघत नव्हता. "सगळ्यांच्या सारख्याच काळ्या असतात. पण विसरलेली काठी आडवी पडते. रोवून कोणी विसरत नाही. ते मला ठाऊक होतं. तरी मी ती उपटली, पिशवीला अडकवली आणि फिती काढत निघालो. तू रडत होतीस. मला वाटलं, तुला काहीतरी होईल. खाली गेलो तर एक नंबर कमी. मास्तरांनी तो नंबर वाचला तेव्हा कळलं कुणाचा. काठी पिशवीला लटकत होती. कुणी विचारलं नाही. शेपटाच्या पिशवीला काय काय लटकलेलं असतं."

"वर्ष झालं! वर्षभर आई तुम्हाला विचारतेय!"

"काठीचं सांगितलं असतं तर फोनचंही सांगावं लागलं असतं."

"माझ्यावर ढकलू नका!" ती किंचाळली. तिने खालचा दगड उचलला होता, तिला तो हातात आल्यावर कळलं. "मी फोन केला, काठी उपटायला नव्हतं सांगितलं!"

"नाही सांगितलंस. ढकलत नाहीये मी. म्हणून तर बोललो नव्हतो."

तिने दगड टाकून दिला. ती खडकाला टेकून बसली. तिला नवऱ्याचा राग आला, असा, की त्याच्या तोंडावर थुंकावं. आणि त्याच वेळी त्याची कीव आली, आणि त्या किवेचा आणखी राग आला. आणि या सगळ्याच्या तळाशी स्वतःची किळस होती. आपली भीती आपल्यापुरती असते असं तिला जन्मभर वाटत आलं होतं. आपण भिंतीला खांदा घासून चढतो, दुसऱ्याचं काय जातं? आता कळलं काय जातं ते.

डोंगराच्या खांद्यावर ढग नव्हता. ऊन लख्ख होतं. धार समोर दिसत होती: साठ-सत्तर पावलांची, कुठे दोन पावलं रुंद तर कुठे एकच, आणि दोन्ही अंगांना काही नाही.

"परत फिरू," तो म्हणाला. "मास्तरांना सांगू, बाईंना बरं नाही. कुणी काही म्हणणार नाही."

खरंच कुणी काही म्हणालं नसतं. ती उठली ती परत फिरायलाच उठली होती. पण भीतीपायी एकदा एका माणसाला या जागेवरून तिने परत बोलावलं होतं. तिने तोंड धारेकडे केलं.

त्याने हात पुढे केला. "धर. हळूहळू जाऊ."

"हात नको. आणि त्या फिती राहू द्या. माझ्या मागची एकही फीत काढायची नाही."

"अगं, तुझ्यामागे कुणी नाहीये."

"तुम्ही आहात ना."

ती धारेवर गेली. पळत वगैरे काही नाही. पहिली दहा पावलं चालत, मग वाकून, मग हातापायांवर. मध्ये जिथे धार एका पावलाची होते तिथे ती दोन्हीकडे पाय सोडून बसली आणि तळहातांवर जोर देऊन वीत-वीत पुढे सरकू लागली. तळहात सोलले. वारा कानात शिरला की वाटायचं आता गेले. पायजमा ओला झाला ते तिला कळलं आणि त्याचं काही वाटलं नाही. अर्ध्यावर आल्यावर हात हलेनात. तिथून डाव्या अंगाला ती शेळ्यांची वाट दिसत होती, ती जिथे संपते ते टोक दिसत होतं, आणि खाली ते दगड. तिने तिकडे बघितलं. वर्षभर ती त्या जागेचं काय काय मनात आणत आली होती. तिथे दगड होते आणि वाळकं गवत होतं. धुक्यात तो फिती चाचपत, भाऊजींना हाका मारत तिथवर गेला असेल. मागून शेपूट येतंय, आपली काठी बघून थांबेल, याच भरवशावर तो खडकाआड बसला असेल. ती मोठ्याने रडली, नाव घेऊन रडली, आणि रडता रडता तिचे हात पुन्हा हलू लागले.

पलीकडे पोचल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण तिथे कुणी नव्हतं. तिने वळून बघितलं. नवरा धार ओलांडत होता. त्याच्या मागे फिती तशाच हलत होत्या.

खाली मास्तर दोरी धरून उभे होते. सगळ्यांची जेवणं होत आली होती. "आली! आमची कवळीवाली आली!" म्हणून ते ओरडले, त्यांनी तिच्या गळ्यात पदक घातलं, म्हणाले, "बाई, आज जिंकलात!" तिची अवस्था बघून कुणीतरी कमरेला गुंडाळायला टॉवेल दिला. मास्तरांना वाटलं, बाई आनंदाने रडतायत. नवऱ्याला म्हणाले, "फिती कुठायत?" तो म्हणाला, "वरच राहिल्या. मास्तर, मला तुमच्याशी बोलायचंय. पण आधी घरी." मास्तरांचं हसू हळूहळू उतरलं. मीटरवाला फिती विसरणारा माणूस नव्हता हे त्यांना माहीत होतं.

बसमध्ये दोघं एकाच बाकावर बसले.

दुपारचे चार वाजले होते. म्हातारी खुर्चीत बसली होती. केस नीट विंचरले होते, धुतलेले कपडे घातले होते. पाहुणे यायचे असावेत तशी सकाळपासून बसली होती. लेकीचे सोललेले हात बघून तिने "अगं बाई!" केलं, पण लगेच गप्प झाली. तिला जे ऐकायचं होतं ते हातांपेक्षा मोठं होतं.

"बघितलीस जागा?"

"बघितली."

"मग? कसा पडला?"

नवरा दारात उभा होता. "आई, मी..." त्याने सुरुवात केली. कवळीवाली आईच्या पायाशी जमिनीवर बसली. अजूनही म्हणता आलं असतं, धुकं होतं आई, फारच धुकं होतं. म्हातारीने विश्वास ठेवला असता, कारण आता लेक स्वतः बघून आली होती. ते वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. धारेवर बसली होती तेव्हा जसे हात हलत नव्हते तशी तिची जीभ हलेना.

"आई, त्या दिवशी मी फोन केला होता," ती म्हणाली.

आणि मग सगळं सांगितलं. आपलं आधी, नवऱ्याचं मागून. काठीचं नवऱ्याने सांगितलं. दारातूनच, उभ्याने. काहीही गाळलं नाही.

म्हातारी ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने जावयाला विचारलं, "काठी त्याने रोवली होती?"

"हो."

"सरळ? नीट?"

"हो, आई. अगदी मधोमध."

"म्हणजे त्याचं काही चुकलं नव्हतं." म्हातारीने मोठा श्वास सोडला. "वर्षभर मी त्यालाच शिव्या घालतेय मनातल्या मनात. वेंधळा म्हणून. म्हातारपणी मला टाकून गेला म्हणून. त्याने सगळं नीट केलं होतं."

तिने खोलीभर नजर फिरवली: ट्रंकेवर, जावयाने शिवून आणलेल्या पडद्यावर, औषधाच्या बाटलीवर. लेकीकडे बघितलं, मग दारातल्या जावयाकडे.

"मग आता मी कुठे राहू गं?" ती म्हणाली.

ती रागावली नव्हती, टोमणाही मारत नव्हती. खरंच विचारत होती.